घरचा गॅस, गाडीचा गॅस

सदर : घर-संसार

गोवंडीच्या शिवाजीनगरातून एका भगिनीचे पत्र आले आहे. सलामानंतर तिने सरळ मुद्द्यालाच हात घातला आहे. ती लिहिते, "मुलांचे अब्बा शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतात. गाडी जुनी आहे, पेट्रोलवर चालते. महिन्याचे पैसे पेट्रोलातच जातात. वस्तीतला एक मेकॅनिक म्हणतो, स्वस्तात गॅसची किट बसवून देतो, मग घरचा सिलिंडर लावला की झाले. घरचा गॅस आणि गाडीचा गॅस एकच असतो ना? मग त्यात घाबरण्यासारखे काय आहे? हे माझे ऐकत नाहीत. तुम्ही लिहिलेत तर वाचतील."

पत्रातला मधला प्रश्न फार चांगला आहे, म्हणून या महिन्याचे सदर त्याच्यासाठीच. आधी उत्तर सांगते आणि मग कारणे. गॅस जवळपास एकच आहे. त्याच्याभोवतीची बाकी प्रत्येक गोष्ट वेगळी आहे. आणि माणसे भाजतात ती त्या बाकीच्या गोष्टींमुळे.

एलपीजी म्हणजे द्रवरूप पेट्रोलियम गॅस. त्यात मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन हे दोन वायू असतात. दाब दिला की ते पाण्यासारखे पातळ होतात आणि थोड्या जागेत मावतात. आपला लाल सिलिंडर हलवला की आत जे डुचमळते ते हेच. गोवंडीकरांना हा गॅस परका नाही, तो त्यांच्या शेजारीच तयार होतो. माहुल-तुर्भ्याच्या बाजूला रात्री ज्या ज्वाळा दिसतात त्या तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या. त्यांतला एक १९५४ साली स्टॅनव्हॅक या अमेरिकन कंपनीने सुरू केला, तो आज हिंदुस्थान पेट्रोलियमचा आहे. दुसरा १९५५ साली बर्मा शेलने सुरू केला, तो आज भारत पेट्रोलियमचा. स्वयंपाकाचा गॅस भारतात घरोघरी द्यायला सुरुवात झाली ती याच बर्मा शेलने, मुंबईत, १९५५च्या सुमारास. 'बर्शेन' हे नाव आपल्यातल्या वयस्कर खालांना अजून आठवत असेल. त्यानंतर कितीतरी वर्षे गॅसची जोडणी मिळणे म्हणजे लॉटरी लागल्यासारखे होते. नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे थांबत, आणि मुलीच्या लग्नाच्या बोलणीत "त्यांच्याकडे गॅस आहे" हेही सांगितले जाई.

या टंचाईमुळेच गाडीत एलपीजी वापरायला आपल्याकडे बरीच वर्षे कायद्याने परवानगी नव्हती. चुलीला पुरत नाही, तिथे मोटारीला कुठून देणार? पण परवानगी नव्हती म्हणून लोक थांबले होते असे नाही. नव्वदच्या दशकात मारुती व्हॅनच्या मागच्या सीटखाली लाल सिलिंडर आडवा ठेवून गाड्या सर्रास पळत होत्या. म्हणजे तुमच्या मेकॅनिकची युक्ती नवी नाही, तीस वर्षांची जुनी आहे. सरकारने २००० साली मोटार वाहन कायद्यात बदल करून एलपीजीला इंधन म्हणून मान्यता दिली आणि २००१ साली त्याच्या वापराचे स्वतंत्र नियम काढले, त्यामागे हेही एक कारण होते. चोरून चाललेला धंदा उजेडात यावा, नीट टाकी, नीट पंप, नीट तपासणी व्हावी, ही अपेक्षा होती.

त्याच सुमारास मुंबईची हवा न्यायालयात पोचली होती. धुराने त्रस्त नागरिकांच्या एका मंचाच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १९९९च्या अखेरीस आदेश दिले, तेव्हाचे परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिने २००० साली अहवाल दिला. पुढे जुन्या टॅक्सी आणि रिक्षांना सीएनजी किंवा एलपीजी यांपैकी एकाकडे वळायला सांगण्यात आले. काळा धूर सोडणाऱ्या डिझेल टॅक्सी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना या आदेशाचे मोल सांगायला नको. गोवंडीत तर हवा हा रोजचाच विषय. एका बाजूला देवनारचे डम्पिंग ग्राउंड, दुसऱ्या बाजूला कारखाने. जानेवारी २०१६ मध्ये डम्पिंगला लागलेली आग आणि त्यानंतर कित्येक दिवस घराघरांत भरून राहिलेला धूर कोणी विसरलेले नाही. अशा ठिकाणी गाडीच्या नळीतून कमी काजळी बाहेर पडली तर ती सर्वांना हवीच आहे.

म्हणून हे आधी स्पष्ट सांगायला हवे, की एलपीजी हे गाडीसाठी वाईट इंधन नाही. हाँगकाँगच्या टॅक्सी पूर्वी डिझेलवर धावत. साधारण २००० ते २००३ या काळात जवळजवळ सगळ्या एलपीजीवर आल्या. जपानच्या टॅक्सी पिढ्यान्‌पिढ्या एलपीजीवर चालतात. तुर्कस्तानात तर लाखो कुटुंबांच्या मोटारी या गॅसवर आहेत, इस्तंबूलच्या रस्त्यावर पेट्रोलच्या नळीशेजारी एलपीजीची नळी ही साधी गोष्ट आहे. आपल्या देशात बंगळूरच्या रिक्षा घ्या. कोलकात्यात २००८ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जुन्या टू-स्ट्रोक रिक्षा हटल्या आणि एलपीजीवरच्या हिरव्या रिक्षा आल्या. पेट्रोलपेक्षा धूर कमी, इंजिन शांत चालते. लिटरमागे अंतर थोडे कमी मिळते, पण दर कमी असल्याने हिशेब जमतो.

मग मुंबईत एलपीजीच्या गाड्या इतक्या कमी का? कारण इथे सीएनजी आधी पोचला. महानगर गॅस ही कंपनी १९९५ साली स्थापन झाली, तिच्या नळ्या शहरभर पसरल्या, आणि रिक्षा-टॅक्सीवाल्यांनी तो रस्ता धरला. एलपीजीचे पंप मोजकेच राहिले. राज्यातल्या ज्या शहरांत सीएनजी उशिरा पोचला तिथे एलपीजीच्या रिक्षा अधिक दिसतात, त्याचे कारण एवढेच. सीएनजीचीही अडचण आहे. रांगा तुम्ही रोज पाहता. नोव्हेंबर २०२५ मध्ये चेंबूरच्या आरसीएफच्या आवारात मुख्य गॅसवाहिनीला धक्का लागला आणि दोन-तीन दिवस निम्मी मुंबई रिक्षाविना राहिली. गोवंडी स्टेशनबाहेर जे उभे होते त्यांना आठवत असेल.

आता आपल्या भगिनीच्या प्रश्नाकडे येऊ.

घरच्या शेगडीला गॅस कसा मिळतो? सिलिंडर उभा असतो. खाली द्रव, वर वाफ. रेग्युलेटर ती वरची वाफ घेतो आणि तिचा दाब इतका कमी करतो की रबरी नळीतून ती हळूच फुंकर घातल्यासारखी येते. सिलिंडरच्या आत दाब उन्हाळ्यात हवेच्या पाच-सात पट असतो, आणि शेगडीपाशी येतो तो त्याच्या शंभराव्या हिश्शापेक्षाही कमी. घरचा गॅस आपल्याला सोज्वळ वाटतो तो या रेग्युलेटरमुळे.

गाडीचे तसे नाही. एलपीजीच्या गाडीत टाकीतून वाफ नव्हे, द्रवच बाहेर काढतात. तो जाड नळीतून इंजिनापाशी जातो, तिथे व्हेपोरायझर नावाच्या डब्यात इंजिनाच्या गरम पाण्याने तापून त्याची वाफ होते. म्हणजे आपल्या सीटखालून पूर्ण दाबाचा द्रव गॅस वाहत असतो. म्हणूनच मान्यताप्राप्त टाकीवर मल्टीव्हॉल्व्ह असतो. गाडी बंद झाली की तो गॅस अडवतो. नळी तुटून गॅस एकदम वाहू लागला तरी अडवतो. आणि भरताना टाकी ८० टक्के झाली की भरणे आपोआप थांबवतो. उरलेले २० टक्के रिकामे कशासाठी? द्रव एलपीजी उन्हात फुगतो, पाण्यापेक्षा कितीतरी जास्त. टाकी काठोकाठ भरली आणि गाडी दुपारी घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडवर उन्हात उभी राहिली, तर त्या द्रवाला फुगायला जागा उरत नाही. मग पोलाद फाटते. टाकीवरच्या व्हॉल्व्हभोवती आणखी एक बंद आवरण असते, त्याची नळी गाडीखाली उघडते, म्हणजे व्हॉल्व्हपाशी थोडा गॅस झिरपला तरी तो आत बसलेल्या मुलांकडे न जाता बाहेर पडतो.

स्वस्तातल्या किटमध्ये यांतले काय असते? बहुधा एक टाकी किंवा सरळ लाल सिलिंडर, एक नळी, दोन क्लिपा आणि "भाई, काही होत नाही" हे आश्वासन.

आणि भरणे हा तर सगळ्यात धोक्याचा भाग. पंपावर नळी टाकीला घट्ट बसल्याशिवाय गॅस सुरूच होत नाही. वस्तीतल्या खोलीत काय करतात? सिलिंडर उलटा टांगतात, म्हणजे द्रव खाली येतो. त्याच्या तोंडातली पिन दाबून धरणारी एक जोडणी लावतात. लवकर व्हावे म्हणून मध्ये छोटी विजेची मोटर बसवतात. मोटरीत ठिणगी उडते हे शाळेतल्या मुलालाही माहीत आहे. टाकी ८० टक्के झाली की थांबवणारे काही नसते, कान लावून अंदाज घेतात. आणि नळी काढताना दर वेळी थोडा द्रव सांडतो. "थोडा" म्हणजे किती, ते पाहा. एक पेला द्रव गॅस हवेत उडाला की त्याची सुमारे अडीचशे पेले वाफ होते.

इथे थोडा हिशेब करू. शिवाजीनगर वसवताना दिलेले भूखंड दहा बाय पंधरा फुटांचे, हे तिथल्या लोकांना माहीतच आहे. खोलीची उंची नऊ फूट धरली तर आतली हवा साधारण ३८ घनमीटर. हवेत एलपीजी दोन टक्क्यांच्या आसपास पोचला की ठिणगीने पेट घेतो. म्हणजे अशा खोलीत पावणेदोन किलो गॅस सांडला की सारी खोलीच पेटण्याजोगी झाली. भरलेल्या सिलिंडरात गॅस असतो १४.२ किलो. शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड आहे, दीडपट ते दुप्पट. तो वर जात नाही, पाण्यासारखा जमिनीवर पसरतो, उंबऱ्यावरून गल्लीत उतरतो, गटारात साचतो, शेजारच्या खोलीत दाराखालून शिरतो. म्हणजे जमिनीलगत धोक्याची पातळी येण्यासाठी पावणेदोन किलोही लागत नाहीत. भरणारा एका खोलीत आणि शेगडी पेटलेली तिसऱ्या खोलीत, असे होऊ शकते. सीएनजी हलका असतो, उघड्यावर गळला तर वर निघून जातो. त्याचा दाब फार मोठा, २०० पट, म्हणून त्याची नळकांडी जाड आणि जड. दोघांची भीती वेगवेगळी आहे, दोन्हींना एकाच मापाने मोजू नये.

हे नुसते पुस्तकी नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये जळगावच्या इच्छादेवी चौक भागात एका ओम्नी गाडीत असाच बेकायदा गॅस भरला जात होता. गाडी भाड्याने करून एक कुटुंब निघाले होते. स्फोट झाला, दहा जण भाजले. पुढच्या काही दिवसांत त्यांतले अनेक जण उपचार चालू असताना दगावले. त्या प्रवाशांनी काही चूक केली नव्हती. त्यांनी गाडी ठरवली होती, इतकेच. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या ताथवड्यात टँकरमधून चोरून सिलिंडर भरताना एकामागून एक स्फोट झाले आणि शेजारी उभ्या असलेल्या शाळेच्या बसगाड्या जळाल्या. रविवारची रात्र होती, बसमध्ये मुले नव्हती. रविवार नसता तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

भगिनीने पत्रात आणखी एक वाक्य लिहिले आहे, "हे म्हणतात, जे नशिबात असेल ते होईल." त्यांना एवढेच सांगा, की उंट बांधण्याची ती गोष्ट आपण मुलांना मदरशात शिकवतो. आधी उंट बांध, मग भरोसा ठेव. व्हॅनचा उंट बांधायची दोरी म्हणजे नीट टाकी आणि नीट पंप.

पण भीती दाखवून घर चालत नाही, हेही खरे. पेट्रोल मुंबईत शंभराच्या पुढे गेले त्याला काही वर्षे झाली, आणि शाळेच्या व्हॅनचे महिन्याचे पैसे पालक दहा रुपयांनी वाढवायलाही कुरकुरतात. तेव्हा पैशांचाच हिशेब मांडू. ढोबळ आहे, तुमच्या गाडीप्रमाणे आकडे बदला. व्हॅन रोज ४० किलोमीटर धावते आणि महिन्याचे २४ दिवस, म्हणजे ९६० किलोमीटर. पेट्रोलवर लिटरला १२ किलोमीटर धरले तर ८० लिटर, म्हणजे आठ हजारांच्या वर. आता घरचा सिलिंडर. १४.२ किलो म्हणजे सुमारे २६ लिटर द्रव. लिटरला १० किलोमीटर मिळाले तर एका सिलिंडरात २६० किलोमीटर. महिन्याला पावणेचार सिलिंडर लागतील! घरगुती जोडणीवर वर्षाला जेवढे सिलिंडर मिळतात ते चार महिन्यांत संपतील, आणि घरची शेगडी तर अजून पेटवायचीच आहे. म्हणजे "घरचा सिलिंडर लावला की झाले" हे मुळातच खोटे. गॅस काळ्या बाजारातूनच घ्यावा लागणार, आणि तिथला भाव दुकानदार ठरवणार. रमजानच्या दिवसांत, जेव्हा घरोघरी आणि ठेल्यांवर गॅसची मागणी वाढते, तेव्हा तो काय भाव लावेल ते सांगायला नको.

काळ्या बाजारातला तो गॅस येतो कुठून, हेही बघा. आपल्याच सिलिंडरांतून. घरी येणाऱ्या प्रत्येक सिलिंडरमधून किलो-दीड किलो काढला की दहा घरांचा मिळून एक सिलिंडर तयार. "पूर्वी महिना जायचा, आता पंचवीस दिवसांत संपतो" ही तक्रार बायकांच्या गप्पांत कायम असते. ज्या शेजाऱ्याच्या व्हॅनला स्वस्त गॅस मिळतो, त्याच्या त्या स्वस्ताईत आपल्या डाळीचा आणि भाकरीचा गॅस असतो.

सरकारही या प्रकाराला थोडे कारणीभूत आहे, असे माझे मत आहे. घरगुती गॅसवर जीएसटी पाच टक्के आणि पंपावरच्या ऑटो एलपीजीवर अठरा. घरच्या गॅसवर कर कमी असणे योग्यच आहे, तो गरिबाच्या चुलीचा आहे. पण स्वच्छ इंधन म्हणून ज्याची शिफारस करायची त्याच्यावर एवढा कर लावला, की दोन भावांमधल्या फटीत काळा बाजार आरामात बसतो. त्यात आपल्या देशाला लागणाऱ्या एलपीजीपैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येतो, बराचसा कतार, अमिरात, कुवेत, सौदी या आखाती देशांतून. सौदीची तेल कंपनी दर महिन्याला जो दर जाहीर करते त्याच्याकडे बघून आपल्याकडचे दर हलतात. दुबईला नोकरी करणाऱ्या भाईजानच्या पगारासारखाच आपला गॅसही समुद्रापलीकडच्या हवेवर अवलंबून आहे.

मग करायचे काय? मुंबईत राहणाऱ्या व्हॅनवाल्याला माझे सांगणे सीएनजीचेच आहे. वरच्याच हिशेबाने सीएनजीवर किलोला २० किलोमीटर धरले तर महिन्याला ४८ किलो लागतील. किलोचा भाव ऐंशीच्या आसपास, म्हणजे चार हजारांच्या आत खर्च. महिन्याला चार हजार वाचले तर चांगल्या प्रतीच्या किटचे पन्नास-साठ हजार सव्वा वर्षात वसूल. एकरकमी पैसे नसतील तर मोहल्ल्यातली बिनव्याजी पतपेढी किंवा भिशी यासाठीच असते, लग्नाच्या डेकोरेशनसाठी नाही. मान्यताप्राप्त एलपीजी किटचा एक फायदा आहे, टाकी लहान असते, स्टेपनीच्या जागेत मावते, व्हॅनमध्ये जागा जात नाही. तुमच्या रोजच्या मार्गावर ऑटो एलपीजीचा पंप असेल तर तोही चांगला पर्याय. पण आधी पंप कुठे आहे ते पाहा, मग किट. उलटे केले की माणूस शेवटी त्या उलट्या टांगलेल्या सिलिंडरपाशी जातो. आणि दोन्ही जमत नसतील तर काही काळ पेट्रोलवरच राहा. ते महाग आहे, पण टाकी कारखान्यात बसवलेली आहे.

किट कोणतीही बसवली तरी गाडीच्या नोंदणी पुस्तकात इंधनाची नोंद बदलून घ्यावी लागते. गोवंडीच्या गाड्यांचे आरटीओ कार्यालय वडाळ्याचे, एमएच-०३ पाटीवाले. ही नोंद नसेल आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते, मग गाडीही गेली आणि भरपाईही गेली. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेने तपासलेली किट आहे का, हे किट बसवणाऱ्याला विचारा. तो प्रमाणपत्र दाखवायला टाळाटाळ करत असेल तर सलाम करून निघून या.

आता ज्या आया मुलांना व्हॅनमध्ये बसवतात त्यांच्यासाठी. फोनवर एमपरिवहन या सरकारी ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकला की इंधनाच्या रकान्यात काय लिहिले आहे ते दिसते. तिथे नुसते पेट्रोल असेल आणि गाडीत गॅसचा वास येत असेल तर प्रश्न विचारायला हवा. हा वास गॅसचा स्वतःचा नाही, गळती कळावी म्हणून मर्कॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात, सडक्या कोबीसारखे. मुलगा घरी येऊन "अम्मी, गाडीत घाण वास येतो" म्हणाला तर "खिडकी उघड" एवढ्यावर सोडू नका. सीटखाली लाल सिलिंडर दिसला तर त्या दिवशीच मुलाला उतरवा. आणि मुले गाडीत असताना गॅस भरायचा नाही, मग पंप कितीही कायदेशीर असो. सीएनजीच्या पंपावर प्रवाशांना उतरायला लावतात ते उगीच नाही. हे बोलताना व्हॅनवाल्या चाचांना चोरासारखे वागवू नका. तेही कुणाच्या घरचे कमावते आहेत, आणि स्फोट झाला तर सगळ्यात जवळ तेच बसलेले असतात. आठ-दहा मुलांचे पालक एकत्र बसून त्यांच्याशी बोलले, सीएनजी होईपर्यंत महिन्याला थोडे जास्त द्यायला तयार झाले, तर बहुतेक वेळा मार्ग निघतो.

घरच्या सिलिंडरबद्दल दोन कामाच्या गोष्टी, कारण पत्रात त्याही विचारल्या आहेत. सिलिंडर आला की दारातच वजन करून घ्या. पोचवणाऱ्याकडे काटा असायला हवा, मागणे हा तुमचा हक्क आहे. सिलिंडरवर रिकाम्याचे वजन लिहिलेले असते, त्यात १४.२ मिळवा आणि काट्याशी ताडून पाहा. सील तुटलेले असेल तर घेऊच नका. वरच्या कड्याच्या पट्टीवर आतून एक अक्षर आणि वर्ष रंगवलेले असते. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. 'बी २८' लिहिले असेल तर २०२८च्या जूनपर्यंत त्या सिलिंडरची तपासणी व्हायला हवी. ती तारीख उलटून गेलेला सिलिंडर परत पाठवा.

घरात किंवा गल्लीत वास आला तर दिव्याचे बटण लावूही नका आणि बंदही करू नका, ठिणगी दोन्ही वेळा पडते. शेगडी आणि रेग्युलेटर बंद करा, सिलिंडरला टोपी लावा, दार सताड उघडा. पोटमाळ्यावर कोणी झोपले असेल तर आधी त्यांना खाली आणून बाहेर काढा. शेजारच्या घरांना हाक मारून त्यांच्या शेगड्या बंद करायला सांगा. फोन बाहेर जाऊन करा. गॅस गळतीसाठी १९०६, अग्निशमन दलासाठी १०१. वस्तीत कुठल्या खोलीत गॅस भरण्याचा धंदा चालतो ते बहुतेकांना माहीत असते, आणि "आपल्याला काय करायचे" म्हणून सगळे गप्प असतात. वैर घ्यायची भीती मी समजू शकते. पण १९०६ वर फोन करणाऱ्याला गल्लीत उभे राहून भांडावे लागत नाही, आणि त्या खोलीची भिंत कुणाच्या ना कुणाच्या स्वयंपाकघराला लागूनच असते.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीने व्हॅन कोणत्या सालची आहे ते कळवावे. फार जुनी असेल तर किट बसवण्यात पैसे घालण्याऐवजी कारखान्यातूनच सीएनजी बसवून आलेली वापरलेली गाडी घेणे बरे पडते का, याचा हिशेब पुढच्या अंकात करू.